नाव काढलं

"एकच जोडी, मॅडम," टिळेसाहेब म्हणाले. "आई-वडील, नाहीतर सासू-सासरे. इकडचं एक आणि तिकडचं एक, असं नाही चालणार."

"माझ्याकडे जोडी आहेच कुठं, साहेब? माहेरी आई नाही, सासरी सासरे नाहीत. दोन्हीकडे एकेकच माणूस उरलंय. दोघं मिळून एक जोडीच झाली की."

टिळेसाहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. पर्सोनेलमध्ये उभी हयात काढलेला माणूस. त्यांनी समोरचा कागद माझ्याकडे वळवला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "मला पटतं हो. इन्शुरन्सवाल्यांना नाही पटत."

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी तेव्हा खरेदी विभागात होते. आमच्या नोकरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पगार नव्हे, मेडिक्लेम. नवरा, मुलं आणि म्हातारी माणसं, सगळी त्यात. एकट्यानं पॉलिसी घ्यायला गेलं की आधीच्या आजारांना तीन-चार वर्षं थांबावं लागतं. कंपनीच्या पॉलिसीत तसं नव्हतं. नाव लागलं की पहिल्या दिवसापासून सगळं धरत. माझ्या सासूबाईंचं नाव पाच वर्षं त्यात होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू त्यातूनच निघाले होते.

आदल्या वर्षी कारखान्यात मोठी आजारपणं झाली होती. दवाखान्यांची बिलंही अशी फुगत चालली होती की जुन्या विमा कंपनीनं हप्ता जवळजवळ दुप्पट मागितला. मॅनेजमेंटनं कंपनी बदलली. नव्या कंपनीनं हप्ता कमी केला आणि त्या बदल्यात अटी घातल्या. म्हाताऱ्या माणसांची नावं एकदाच द्यायची. एकदा दिली की पुन्हा बदल नाही.

"दुसऱ्या माणसाचा हप्ता मी माझ्या पगारातून भरते," मी म्हणाले.

"भरून चालत नाही, मॅडम. पैशाचा प्रश्न नाहीये." टिळेसाहेबांनी आवाज खाली आणला. "अण्णांचं काय म्हणाले डॉक्टर?"

त्यांना माहीत होतं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अँजिओग्राफी झाली तेव्हा माझी रजा त्यांनीच मंजूर केली होती. चाळीसगावच्या खरेदी-विक्री संघात कारकुनी करून अण्णा निवृत्त झाले होते. आई गेल्यावर एकटेच राहत. मी थोरली. धाकटी बहीण सुरतेला, तिचंच कसंबसं चाललेलं. तीन नसा बंद आहेत, बायपास करावी लागेल आणि फार थांबू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून अण्णांनी मान खाली घातली होती. डॉक्टर भला माणूस. तोही ओशाळून म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी याच्या निम्म्यात व्हायचं." सरकारी योजना होती, पण ती तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डांना. अण्णांचं रेशनकार्ड पांढरं.

"शनिवारपर्यंत नाव द्या," टिळेसाहेब म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

*

घरी न जाता मी सरळ सिडकोत नवऱ्याच्या गाळ्यावर गेले. हेमंतचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांची वेटोळी काढायची, नवी तार भरायची. वॉर्निशचा वास त्याच्या कपड्यांना आणि केसांनाही असे. मी सांगत होते तोवर तो तार गुंडाळतच राहिला. सांगून झालं तेव्हा त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"अण्णांचं नाव घाल," तो म्हणाला. "त्यांचं ऑपरेशन समोर आहे. आईला आज तरी काही नाही. साखर आहे, पण ती गोळ्यांवर आहे."

"मग तुम्ही बोला ना आईंशी."

"मी नाही बोलणार."

"का?"

"मी बोललो तर मुलानं आईचं नाव काढलं असं होईल."

"आणि मी बोलले तर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "तर सुनेनं काढलं असं होईल. ते लोकांना सवयीचं आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. निदान खरं तरी बोलला, असं वाटलं. त्याचे वडील तो शाळेत असताना गेले. आईंनी शेवया-पापड करून, शिवणकाम करून त्याला वाढवलं. त्यांच्यासमोर उभं राहून ही एक गोष्ट बोलणं त्याच्यानं झालं नसतं, हे मला त्याच्याआधी कळलं होतं.

"न सांगता नाव दिलं तर?" त्यानं विचारलं. "तिला कळणारही नाही."

"आजारी पडल्यावर कळेल."

त्यानं तार पुन्हा हातात घेतली.

*

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापत होत्या. शालिनीबाई नेरकर म्हणजे आमच्या कॉलनीत दरारा होता. बोलणं थोडं, पण एकदा बोलल्या की शब्द मागे घ्यायच्या नाहीत. मला त्यांनी कधी छळलं नाही, कधी जवळही घेतलं नाही. माझ्या नोकरीच्या वेळा मात्र त्यांनी माझ्यापेक्षा काटेकोर सांभाळल्या. मुलांची शाळा, माझा डबा, दोन्हीला कधी उशीर झाला नाही.

मी सगळं सांगितलं. अण्णांचं दुखणं, नव्या कंपनीची अट, शनिवार. काही लपवलं नाही, काही रंगवलंही नाही. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"माझं नाव निघालं तर मला दुसरी पॉलिसी मिळेल का?"

"प्रयत्न करू आपण."

"मिळेल का ते विचारलं."

"कठीण आहे. साखर आहे ना तुम्हाला. मिळाली तरी साखरेतून होणारं काही चार वर्षं धरणार नाहीत."

"आणि हप्ता?"

"जास्त असेल. आम्ही भरू."

"पुढच्या वर्षी माझं नाव परत घालता येईल?"

"नाही."

त्यांनी भाकरी जाळावर टाकली. ती फुगली, तशी काढून टोपल्यात ठेवली. मग पिठाचे हात झटकून माझ्याकडे वळल्या.

"मग नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाव राहू दे."

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी पुढचा गोळा घेतला होता, तो परातीत परत ठेवला.

"तुला वाईट वाटेल. वाटू दे. मी खोटं मोठेपण नाही करणार. तुझ्या वडिलांना तू आहेस, हापिसात नोकरी करणारी. मला हेमंत आहे. हेमंतकडे काय आहे? एक गाळा. उद्या मी आडवी झाले तर तो गाळा विकेल, आणि मग तुम्ही खाल काय? मला मरायची भीती नाही वाटत, ज्योत्स्ना. दवाखान्यात पडून पोराकडे बघत राहायची वाटते."

यातला एक शब्द खोटा नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. नुसत्या हट्टानं नाही म्हणाल्या असत्या तर मला बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

*

गुरुवारी रजा टाकून मी चाळीसगावला गेले. अण्णा मला घ्यायला स्टँडवर आले होते. येऊ नका म्हटलं होतं, तरी आले. स्टँडपासून घर जवळच. वाटेत ते तीनदा थांबले. पहिल्यांदा एका भांड्यांच्या दुकानाची पाटी वाचायला, मग रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल नगरपालिकेला नावं ठेवायला. तिसऱ्यांदा थांबायला काही सापडलं नाही तेव्हा ते नुसतेच उभे राहिले, छातीवर हात न ठेवता, मोठ्या कष्टानं हात खाली ठेवून. कपाळावर घाम होता. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण त्यांना तेच हवं होतं.

घरी पोचल्यावर मी विषय काढला.

"तसलं काही करायचं नाही," अण्णा म्हणाले. "विहीणबाईंचं नाव काढून माझं? लोक काय म्हणतील मला?"

"लोकांचं सोडा, अण्णा."

"बरं, लोकांचं सोडतो. तुला काय म्हणतील त्या? तुला त्या घरात राहायचंय, पोरी. मी इथं गोळ्यांवर बरा आहे. दिवसभर करतो काय मी? पेपर वाचतो, देवळापर्यंत जातो."

"मघाशी तीनदा थांबलात तुम्ही."

ते उठले. मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले. "जावयांना काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव घाल म्हणतात."

"आणि विहीणबाईंना?"

"त्या नाही म्हणाल्या."

"मग संपलं," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. कुणीतरी नाही म्हटलं की आपल्याला मागावं लागत नाही. मला ते बघवलं नाही. आयुष्यभर या माणसानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि आता जीवही मागायला तयार नव्हता.

परतीच्या गाडीत मी दोघांचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते. दोघंही बरोबर होते. दोघंही बरोबर असले की ठरवणाऱ्यावरच येऊन पडतं.

*

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी आवरून स्वयंपाकघरात आले. हेमंत गाळ्यावर गेला होता, मुलं शाळेत. सासूबाई डब्यात भाजी भरत होत्या.

"आई, मी आज अण्णांचं नाव देणार आहे."

त्यांचा हात थांबला.

"तुम्ही नाही म्हणालात, ते मला समजलं. तुमचं चुकलं असंही मी म्हणत नाही. तरी मी अण्णांचंच नाव देणार आहे. तुम्हाला काही झालं तर मी आहे. जे करावं लागेल ते करीन."

"मग मला विचारलंस कशाला?"

"न विचारता करायचं नव्हतं."

"आणि मी नाही म्हटलं तरी करायचंच होतं?"

त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. 'तेव्हा ठरलं नव्हतं' असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्या क्षणी ते पळवाटेसारखं वाटलं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्यापुढे केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण मी ओळखत होते तसला तो नव्हता. काहीतरी मोजून घेत असल्यासारख्या त्या माझ्याकडे बघत होत्या. मी चपला घातल्या आणि निघाले. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं तर त्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या कधी दारात येत नसत.

टिळेसाहेबांनी कागदावर अण्णांचं पूर्ण नाव लिहून घेतलं, 'पंढरीनाथ दगडू कोठावदे', आणि सही कुठं करायची ते दाखवलं. मी सही केली.

*

मे महिन्यात अण्णांची बायपास झाली. पैसे न भरता होईल असं वाटलं होतं, तसं अगदी नाही झालं. खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त होतं. त्या फरकापायी डॉक्टरांच्या फीपासून सगळंच त्या प्रमाणात कापलं गेलं. हातमोजे, पट्ट्या, कापूस आमच्या अंगावर. घरी सोडायचं सकाळी ठरलं आणि विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत अण्णा कपडे घालून संध्याकाळपर्यंत पलंगावर बसून राहिले. पण बसून राहिले. घरी आले. पॉलिसी नसती तर तेही नव्हतं.

महिनाभर ते आमच्याकडेच होते. सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं. बिनमिठाची भाजी, वेळेवर गोळ्या, अंघोळीला कोमट पाणी. "अण्णा, जेवण तयार आहे," "अण्णा, आज जरा जास्त चाललात वाटतं." अगदी रीतसर. आणि माझ्याशी अवाक्षर नाही. मला काही सांगायचं असलं तर मुलांना सांगत, "तुमच्या आईला म्हणावं गॅस संपत आलाय." मी त्याच खोलीत असायचे.

एकदा शेजारच्या बागुलवहिनी अण्णांना भेटायला आल्या. "सून म्हणजे सून आहे हो तुमची," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "नोकरी सांभाळून वडिलांचं एवढं केलं."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "माझं नाव काढलं तिनं."

बागुलवहिनींनी कौतुकानं मान हलवली. मी आत ओट्याला धरून उभी राहिले. अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला. त्यांना कळलं होतं.

सासूबाईंसाठी पॉलिसी शोधायला मी त्याच महिन्यात लागले होते. दोन कंपन्यांनी साखर ऐकूनच नाही म्हटलं. तिसरीनं घेतलं, मी ओट्याशी सांगितलं होतं त्याच अटीवर: साखर आणि तिच्यातून उद्भवणारं काहीही चार वर्षं धरणार नाही. हप्ता पहिल्याच वर्षी जड होता. दुसऱ्या वर्षी वाढला, तिसऱ्या वर्षी आणखी. आम्ही भरत राहिलो. तोवर सासूबाई माझ्याशी बोलू लागल्या होत्या, कामापुरतं. मी त्याहून जास्तीची आशा सोडून दिली होती.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत त्यांना नवी चप्पल लागली. अंगठ्याशेजारी फोड आला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, हळद लावत राहिल्या. मला वास आला तेव्हा बोट काळं पडलं होतं.

दवाखान्यात दोन बोटं काढली. मग जखम वर सरकली, पुन्हा नेलं, अर्धं पाऊल गेलं. विमा कंपनीचं उत्तर आम्हाला ठाऊक होतं तेच आलं. आधीपासूनचा आजार, मुदत पूर्ण नाही, दावा नामंजूर. चार वर्षांतलं वर्ष-दीड वर्ष अजून उरलं होतं. मी फोनवर भांडले, टिळेसाहेबांच्या ओळखीच्या एका माणसाला भेटले, अर्ज केले. उपयोग झाला नाही. त्यांच्या नियमात ते बरोबर होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. हेमंतनं गाळा विकला. त्यानंतर तो दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पगारावर लागला आणि शेवटपर्यंत पगारावरच राहिला. त्यानं मला कधी बोल लावला नाही. पण गाळ्यावरून जायची वेळ आली की तो पलीकडच्या रस्त्यानं जाई. अण्णा त्या ऑपरेशननंतर नऊ वर्षं जगले. सासूबाई पायाच्या दुखण्यातून उठल्या, काठी घेऊन चालू लागल्या आणि अण्णांच्या आधी दोन वर्षं गेल्या. माझ्या त्या सहीनं एक माणूस वाचला आणि एक गाळा गेला. सही उलटी केली असती तर कदाचित गाळा तरीही गेला असता, माणूसही गेला असता. हा हिशेब मी खूप वेळा मांडला आणि तो कधी सुटला नाही.

पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या एका दुपारचं.

ड्रेसिंग नुकतंच झालं होतं. हेमंत गाळ्याच्या गिऱ्हाईकाकडे गेला होता. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. पाऊल पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं. तिकडे त्या बघत नसत.

"कंपनीनं नाही म्हटलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हेमंत गाळ्याचं बघायला गेलाय?"

"हो, आई."

"तुझ्या हापिसात माझं नाव राहिलं असतं तर हे सगळं त्यातून झालं असतं?"

मी हा प्रश्न तीन वर्षं ऐकायच्या तयारीत होते. "झालं असतं," मी म्हणाले. "सगळं नाही, पण बरंचसं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता बोलतील. बोलू दे, त्यांचा हक्क आहे. मीच म्हणाले, "आई, त्या दिवशी मी तुमचं..."

"थांब," त्या म्हणाल्या. "तुझं नको सांगूस. माझं ऐक."

खाली रिक्षांचे आवाज येत होते. शेजारच्या पलंगावरची बाई झोपली होती.

"माझे वडील नामपूरला आजारी होते. हेमंत तेव्हा पोटातही नव्हता. लग्नाला दुसरंच वर्ष. आम्ही तेव्हा सटाण्याजवळ मळ्यात राहायचो. निरोप आला, शालूला पाठवा, आठवण काढतात. मी सासूला विचारलं. त्या म्हणाल्या, कांदा काढायला आलाय, आत्ता नाही. नाही म्हटलं त्यांनी. तुला मी म्हटलं तसंच. त्यांचंही खोटं नव्हतं, माणसं नव्हती कामाला. मी कांदा काढला. परत निरोप आला, तेव्हा मी विचारलंही नाही. काय विचारायचं, नाहीच म्हणतील. मग तिसरा आला तो गेल्याचाच."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. दोन घोट घेतले.

"त्या सासूला मी जन्मभर शिव्या दिल्या. त्या गेल्या तेव्हा रडले नाही. हिनं मला बापाचं तोंड बघू दिलं नाही, हे मी हेमंतला सांगितलं, त्याच्या बापाला सांगितलं, देवापुढेसुद्धा सांगितलं. आणि मग तू आलीस त्या दिवशी. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, समजलं मला, तरी मी करणार. एवढं बोललीस आणि चप्पल घालून गेलीस."

"मला तुम्हाला दुखवायचं..."

"दुखवलंस ना. नाव काढलंस म्हणून नाही." त्या आता माझ्याकडे बघत होत्या, त्या सकाळी बघत होत्या तशाच. "मी दारात येऊन उभी राहिले. तू कोपऱ्यावरून वळलीस. माझ्या मनात आलं, असं करता येत होतं? सांगायचं आणि निघायचं, एवढंच होतं? नामपूर काही लांब नव्हतं, ज्योत्स्ना. मी चालत गेले असते तरी संध्याकाळच्या आत पोचले असते."

मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"सासू फक्त नाही म्हणाली होती गं," त्या म्हणाल्या. "दाराला कडी नव्हती घातली तिनं."